पुन्हा अंतराळाकडे वळताना

अभ्यासाच्या धबडग्यात सुटलेले विज्ञानकादंबऱ्यांचे वाचन पुन्हा सुरू करायचे आहे, आणि थरारही हवा आहे? मग आर्थर क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) ही इंग्रजी कादंबरी प्रथम घ्या. ५० किलोमीटर लांबीच्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या परक्या यानात माणसे शिरतात. फिरण्यामुळेच तेथे पायांखाली ‘जमीन’ मिळते!

नंतर अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ (२०११) वाचा. मंगळावर एकटा राहिलेला नायक रॉकेटच्या इंधनापासून पाणी बनवून बटाटे पिकवतो. मात्र आरंभीच्या वादळात यान कलंडू लागते, हे पटते का? मंगळावरची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या जेमतेम दोन टक्के दाट! अशी चूक पकडणे, हाही एक थरारच. नुसत्या किरण-बंदुकांच्या लढाईत तो कोठून मिळणार?