आपली दारू कुणी भिजवली?

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो. रे रोडच्या बाजूला दारूखाना आहे. नाव ऐकून नवा पोरगा हसतो. पण हे नाव पिण्याच्या दारूवरून पडलेलं नाही. तिथं पूर्वी तोफेच्या दारूचं कोठार होतं. आज तिथं भंगार आहे.

पाळी संपली की मुकादम पैसे हातावर ठेवतो. गेटपासून वस्तीपर्यंत पोचताना निम्मे उडतात. दुसऱ्याचं सांगत नाही. मॅट्रिक झालो त्या वर्षी पाठीवर गोणी घेतली आणि हातात ग्लास. अंग ठणकतं म्हणून पितो, असं सांगायचो. कविता लिहायला लागलो तसा बहाणा बदलला. विद्रोही कवीनं प्यायलाच पाहिजे म्हणे! साली शुद्ध थाप. एका रात्री धाकटीच्या फीचे पैसे काढले. आईनं हात धरला, मी झटकला, ती भिंतीवर आपटली. वर बाबासाहेबांचा फोटो. व्यवस्थेला शिव्या देणारा मी, त्या खोलीत मीच व्यवस्था होतो.

शहाणे लोक म्हणतात, ह्यांना सवयच आहे. मग ऐका. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत मेली. थैलीत मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन. पोटात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी डोळे जातात, मग जीव. मेले ते रोजंदारीवाले. मालवणीच्या खटल्यात २०२४ साली चौघे दोषी ठरले, दहा सुटले. ज्या मजुरीत विषाची थैलीच परवडते, त्या मजुरीवर खटला कोण भरणार?

घटनेचं कलम ४७ सरकारला दारूबंदीसाठी झटायला सांगतं. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो. आणि तेच सरकार दारूवर वर्षाला वीस हजार कोटींच्या वर कमावतं. आपल्या वस्तीला दवाखाना लांब, गुत्ता हाताशी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची एक आहे. तो कीर्तनातला उपदेश नव्हे. शुद्धीतला माणूस मजुरी मोजून घेतो, मुकादमाला जाब विचारतो. प्यालेला फक्त बायकोला विचारतो.

१४ एप्रिलला निळा झेंडा नाचवून रात्री गटारात पडलेला आपला पोरगा बघितला, की मला दारूखाना आठवतो. दारू भिजली की तोफेचं भंगार होतं. आपली आग भिजवतात, वर भिजवायचे पैसेही आपल्याच खिशातून काढतात.

मी सोडून आठ महिने झाले. रोज संध्याकाळी गेटवर पाय अडखळतो, खोटं सांगत नाही. पण नुसतं आपण सोडून भागत नाही. वॉर्डातलं परवान्याचं दुकान बायकांच्या मतदानानं बंद करता येतं. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पाडायची. त्याआधी दारोदार सह्या गोळा कराव्या लागतात. आया-बहिणी तयार आहेत. त्यांच्याबरोबर चार शुद्धीतली पोरं हवीत.

कविता नंतर वाचू. आधी सह्यांचे कागद घेऊन चला.

जयभीम.