यात वेगळं काय दिसतंय?

परवा एका लग्नात मित्राच्या मुलाने मला गाठलं. माझ्या हातात ताट, त्याच्या तोंडी एकच प्रश्न : "काका, गेमिंगसाठी नवा पीसी करतोय. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?"

मी विचारलं, "मॉनिटर कुठला आहे?"

"मॉनिटर आहे हो जुना एक. तो चालेल."

जिलबीचा घास घशातच अडकला. आजचं हे सगळं लिखाण त्या "चालेल"वरचा वैताग आहे. ज्यांना कॉम्प्युटर गेमशी काही देणंघेणं नाही अशा नातेवाईक मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण पैसे बहुधा तुमच्याच खिशातून जाणार आहेत. :)

तर त्याचं असं आहे. २०२४ची दिवाळी. ताईचा फोन. ताईचा फोन म्हणजे निदान पाऊण तास, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. पण प्रकरण दोन मिनिटांत संपलं. "अरे, तुझ्या भाच्याने ते कार्ड आणलंय, पंचावन्न हजारांचं. पहिल्या नोकरीतले साठवलेले पैसे सगळे त्यात घातले. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मी म्हटलं छान आहे रे, पण यात वेगळं काय दिसतंय? उलट मधेच चित्र चिरल्यासारखं होतंय. तेव्हापासून तोंड फुगवून बसलाय. तू बोल जरा त्याच्याशी."

आता गोची अशी की कार्ड घेण्याआधी त्याने मलाच विचारलं होतं. आणि मी मोठ्या थाटात म्हणालो होतो, "कार्ड दणकट घे, बाकीचं नंतर बघू."

रविवारी गेलो. खोक्यात आरटीएक्स ४०७०, म्हणजे खरोखरच ताकदीचं कार्ड. आणि टेबलावर बाविस इंची मॉनिटर, त्याच्या बाबांच्या ऑफिसने दहा वर्षं वापरून काढून टाकलेला. १०८०पी, ६० हर्ट्झ. त्याने व्हॅलरंट सुरू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा नाचत होता : ३००, ३१०, २९५. "बघ मामा, तीनशे!" मी बघितलं. तीनशे लिहिलेलं दिसत होतं. तीनशे दिसत नव्हते.

कारण सोपं आहे. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच वेळा चित्र बदलतो. कार्डने तीनशे काढली काय नि तीन हजार काढली काय, पडद्यावर चित्र बदलायची संधी साठच. वरची दोनशेचाळीस काढायला वीज लागली, पंखे फिरले, खोली तापली, आणि पूर्णपणे ती कुणी पाहिलीच नाहीत. मॉनिटर एक चित्र अर्धं दाखवतो तोवर कार्ड पुढचं हातात देतं. मग वरचा भाग जुन्या चित्राचा, खालचा नव्याचा, आणि मधे आडवी चीर. ताईला जे दिसलं ते अगदी बरोबर होतं. पंचावन्न हजारांमुळे घरात दिसणारा नवा फरक म्हणजे ती चीर!

आणि मला ताईचं ते वाक्य ऐकून पोटात खड्डा पडला होता, त्याचं कारण वेगळं आहे. हेच वाक्य मी आधी ऐकलेलं आहे.

२००१ साल, डोंबिवली. घरी १४ इंची मॉनिटर, मागे पोट सुटलेला. आत टीएनटी टू कार्ड, आणि माझ्या शर्यतीच्या गाड्या त्यावर बऱ्यापैकी पळत होत्या. पण मित्राकडे जीफोर्स टू एमएक्स आलं आणि माझी झोप उडाली. महिनाभर बाबांच्या मागे भुणभुण. शेवटी दिवाळी बोनसमधले साडेपाच हजार त्यांनी काढून दिले. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं, रात्री जोडलं. नव्या कार्डाची खरी मजा १०२४ बाय ७६८ला. आमचा डबा तिथे ६० हर्ट्झवर यायचा आणि असा लुकलुकायचा की दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागे. गुपचूप ८०० बाय ६००वर परत आलो, जिथे जुनं कार्डही पुरेसं होतं. बाबा ऑफिसातून आले, खुर्चीमागे उभं राहून पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "छान. पण यात वेगळं काय दिसतंय?"

मी त्यांना बरंच काही सांगितलं. बत्तीस बिट, टेक्श्चर वगैरे. त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

तेव्हा मला वाटलं, बाबांना यातलं कळत नाही. आता वाटतं की त्या घरात एकट्या त्यांनाच कळत होतं. चाचणी तीच आणि तेवढीच असते : दिसतं काय? कार्ड कुणी बघत नाही, मॉनिटर बघतात. (काचेच्या खोक्यातले रंगीत दिवे बघणाऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये. त्यांनी ख्रिसमसची माळ आणावी, स्वस्त पडेल.)

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. आधी मॉनिटर ठरवा, मग त्याला पुरेल एवढं कार्ड घ्या. उलटं करू नका. आणि मॉनिटर म्हणजे "उरलेल्या पैशांत काहीतरी" असं तर अजिबात नको.

थोडं गणित, घाबरू नका. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. १४४०पीवर सुमारे ३६.९ लाख. फोर-केवर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोब्बर चौपट. हे सगळे ठिपके कार्डाला दर चित्रासाठी नव्याने रंगवायचे असतात. ६० हर्ट्झला एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला जेमतेम ६.९. म्हणजे कार्डावर काम किती पडणार हे मॉनिटर ठरवतो : किती ठिपके आणि किती वेळा. कामच ठरलेलं नसताना "कार्ड कुठलं घेऊ" हा प्रश्न म्हणजे पाहुणे किती येणार ते न सांगता आचाऱ्याला "पातेलं केवढं आणू" विचारण्यासारखं आहे.

उलटी चूकही होते, आणि ती करणारेही माझ्या ओळखीत आहेत. एका मित्राने २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला, केवळ दुकानात तो झळकत होता म्हणून. कार्ड आरटीएक्स ४०६०. ते १०८०पीसाठी छान कार्ड आहे, पण त्याच्यापुढे ८३ लाख ठिपके ठेवले की भारी गेममध्ये ते धापा टाकतं. मग हा सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०पीवर आणतो. म्हणजे फोर-केचे पैसे देऊन पुसट १०८०पी बघतो. डीएलएसएससारखी तंत्रं आहेत, २०१८पासून ती सुधारत आली आहेत, कमी ठिपक्यांवरून मोठं चित्र बऱ्यापैकी फुलवतात, हे मान्य. पण ती लंगड्याची काठी आहे. काठीच्या भरवशावर शर्यतीत नाव नोंदवू नये.

आता विरोधी पक्ष.

पहिला पक्ष : "डोळ्याला चोवीसच्या वर दिसतच नाही." हे वाक्य मला दरवर्षी एकदा तरी कुणीतरी ऐकवतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो म्हणून निघालेली ही समजूत आहे. सिनेमाच्या चित्रात हालचालीचा पुसटपणा आधीच मुरलेला असतो, आणि शिवाय सिनेमाला तुम्ही हात लावत नाही. गेममध्ये हात तुमचा असतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर नुसता माऊस गोल फिरवून बघा. गेम सुरूसुद्धा करू नका. फरक कळला नाही तर मला फोन करा, चहा माझ्याकडून.

दुसरा पक्ष : "जास्त फ्रेम असल्या की ६० हर्ट्झवरही हात लवकर पोचतो." हे खरं आहे, मी नाकारत नाही. चित्र अधिक ताजं असतं, नेमबाजीच्या गेममध्ये त्याचा थोडा उपयोग होतो. पण त्या थोड्यासाठी केवढे पैसे? त्याहून स्वस्त कार्ड आणि वेगवान मॉनिटर घेतला असता तर हातही लवकर पोचला असता आणि डोळेही.

तिसरा पक्ष, आणि माझा खरा राग यांच्यावर : "आत्ता कार्ड घे, मॉनिटर नंतर." मीही याच पक्षात होतो, म्हणून यांना चांगलं ओळखतो. अरे, ग्राफिक्स कार्ड ही दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून म्हातारी होत जाणारी वस्तू आहे. माझ्या भाच्याचं ४०७० जुन्या मॉनिटरमागे निम्म्या ताकदीने बसून होतं, तेवढ्यात मार्च २०२५मध्ये ५०७० बाजारात आलंसुद्धा. मॉनिटर मात्र आठ-आठ, दहा-दहा वर्षं टेबलावर टिकतो, तीन कार्डं बघतो. त्याच्यावर अभ्यास होतो, ऑफिसचं काम होतं, रात्री आजी त्यावर कीर्तन बघते. मग "नंतर" कुणाला ठेवायचं?

पण कार्डांचे आलेख निघतात. या कार्डाने शंभर, त्या कार्डाने एकशेदहा, निळ्या-हिरव्या रेघा, त्यावर रात्र-रात्र भांडणं. मॉनिटरचं असं एका आकड्यात सांगता येत नाही, म्हणून तो कुणाच्या तोंडी नाही. आलेखातली रेघ लांब असली की आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. तुमच्या टेबलावर काय दिसणार हे त्या रेघेला ठाऊक नसतं.

बरं, मग करायचं काय? टेबलापाशी बसा आणि मॉनिटर डोळ्यांपासून किती लांब राहील ते बघा. २४ इंचीला १०८०पी चालतं, इंचाला साधारण ९२ ठिपके पडतात. तेच १०८०पी २७ इंचांवर ताणलं की ८२ उरतात आणि अक्षरं खडबडीत दिसू लागतात. २७ इंचीला १४४०पी घ्या, १०९ पडतात. मग स्वतःला खरं विचारा की खेळता काय. धावपळीचे गेम असतील तर हर्ट्झ आधी. निवांत फिरायचे, डोंगर-जंगल बघायचे गेम असतील तर ठिपके आणि रंग आधी. हे ठरलं की कार्ड जवळजवळ आपोआप ठरतं. मॉनिटर बदलत्या वेगाशी जुळवून घेणारा, म्हणजे फ्रीसिंक किंवा जीसिंकवाला घ्या, ती चीर जाते. आणि "एनव्हिडियाचं कार्ड असेल तर महागडा जीसिंकच हवा" हे जुनं झालं. २०१९च्या जानेवारीपासून एनव्हिडियाची कार्डं साध्या अडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरशीही जमवून घेतात.

आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो. एक, मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डाला नको. हसू नका, मी स्वतः दोघांकडे जाऊन बदलून दिली आहे. वायरही बघून घ्या, जुन्या एचडीएमआय १.४वर फोर-के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. दोन, नवा मॉनिटर आणल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. बऱ्याचदा तो मुकाट ६०वरच बसलेला असतो. एका मित्राने १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर साठवर चालवला आणि वर्षभर सगळ्यांना सांगत होता की काय फरक आहे बघा!

असो. भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुकानदार उघडलेलं कार्ड परत घेईना. मी म्हटलं, सल्ला माझा होता, मॉनिटरचे अर्धे माझे. त्याने "उधार" म्हणून घेतले. फेब्रुवारीत २७ इंची, १४४०पी, १६५ हर्ट्झचा आला, वीस हजारांच्या आसपास. ताईला बोलावलं. तिने गेमकडे लक्षच दिलं नाही. माऊस इकडून तिकडे फिरवला, परत फिरवला, आणि म्हणाली, "अगंबाई, हे किती सरळ सरकतंय!"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

बाबा २०१६ला गेले. त्या साडेपाच हजारांचं त्यांना वेगळं काही कधी दिसलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. म्हणून लग्नातल्या त्या मुलाला मी कार्डाचं नाव सांगितलं नाही. त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी तुझ्या बाबांना घेऊन दुकानात जा आणि आधी मॉनिटरसमोर उभे राहा. त्यांना फरक दिसला, की मग मला कार्डाचं विचार.