मूकनायकाच्या माथ्यावर देहूचा अभंग

कुसगावाशेजारच्या कुरवंडे गावच्या डोंगरात इंद्रायणी उगम पावते. कामशेत मागे टाकून ती देहूला जाते आणि तिथून आळंदीला. मराठी पत्रकारितेशी या दोन गावांचे एक नाते आहे आणि त्याची आठवण खुद्द मावळातही क्वचितच निघते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले, तेव्हा त्याच्या माथ्यावर देहूच्या तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाले, त्याच्या माथ्यावर आळंदीला समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या.

ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवले जात होते, त्यांच्या पत्राने वारकऱ्यांचीच वाणी कपाळी लावली!

‘मूकनायक’साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ करूनही त्याची साधी जाहिरात छापली नाही.

आवाज दाबण्याचा असाच खेळ कॅरिबियनमध्येही रंगला होता. जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यात १८८७ मध्ये जन्मलेले कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी १९१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा आंबेडकर हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दोन वर्षांनी गार्वींनी ‘निग्रो वर्ल्ड’ साप्ताहिक काढले. ब्रिटिश होंडुरास आणि त्रिनिदादमधल्या गोऱ्या सरकारांनी त्यावर बंदी घातली, तरी जहाजांवरचे खलाशी अंक लपवून किनाऱ्याला लावत राहिले. पत्र १९३३ मध्ये बंद पडले. आवाज मात्र थांबला नाही. त्याच सेंट अ‍ॅनमधल्या ‘बर्निंग स्पिअर’ या गायकाने १९७५ मध्ये गार्वींच्या नावाची अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. बॉब मार्लेही तिथलाच. त्याच्या ‘रिडेम्प्शन साँग’मध्ये गार्वींच्या १९३७ च्या भाषणातले शब्द आले आणि रेडिओवरून जगभर गेले.

महाराष्ट्रातही छापील पत्रे बंद पडली, पण गाणे टिकले. भीमराव कर्डकांचे जलसे आणि वामनदादा कर्डकांची भीमगीते संपादकांच्या परवानगीसाठी थांबली नाहीत. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, तेव्हा हा धागा समुद्रापलीकडेही जोडला गेला.

मुख्य प्रवाहातली माध्यमे या वारशाशी कशी वागतात? जमैकाने गार्वींना राष्ट्रवीर केले, नाण्यावर बसवले. आपण आंबेडकरांच्या जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनी, १४ एप्रिल व ६ डिसेंबरला, पानभर जाहिराती छापतो. हा आदर खोटा नाही, पण त्यात एक सोयीस्कर चलाखी आहे: माणसाचा फोटो मोठा होत जातो आणि त्यातला संपादक दिसेनासा होतो. ‘बहिष्कृत भारत’चा बहुतेक मजकूर आंबेडकर स्वतः लिहीत. महाडच्या तळ्याच्या पाण्यावरील हक्काविषयी त्यांनी त्या पत्रात केलेला युक्तिवाद आजच्या कुठल्याही अग्रलेखाला झुकवील इतका धारदार आहे.

‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा होतो. त्याच महिन्यात, २५ दिवसांनी, ‘मूकनायक’चाही दिवस येतो. त्या दिवशी मराठी दैनिकांनी हारतुऱ्यांची छायाचित्रे बाजूला ठेवून ‘मूकनायक’मधला एक जुना अग्रलेख जसाच्या तसा पहिल्या पानावर छापावा. शासनाने हे अंक पुस्तकरूपात केव्हाच आणले आहेत, त्यामुळे मजकूर शोधायला कुणाला दूर जावे लागणार नाही.