नियम आधी समजवावा, मग पाळावयास सांगावा

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नियम लिहिला, दवंडी दिली, की आपले काम संपले, अशी समजूत पुष्कळ कार्यकर्त्यांची असते. ती सोडून दिली पाहिजे. ज्या नियमाचे कारण लोकांना उमगलेले नाही, तो नियम कर्मचारी गावात असेपर्यंतच पाळला जातो.

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ याचेच उदाहरण घ्या. शेतीसाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. परंतु नुसते कलम वाचून दाखविल्याने बोअरचे यंत्र थांबत नाही. 'जमीन माझी, पैसा माझा, मग पाणी दुसऱ्याचे कसे?' असे शेतकरी विचारतो. त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत साठते. ते खोलवरून ओढले गेले की शेजारच्या उथळ विहिरी आटतात. पहिली झळ लागते ती ज्याच्यापाशी दुसरे साधन नाही अशा लहान शेतकऱ्यास.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हे काम कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व शेतीसाठी बोअरबंदी आली. ऊस व केळी यांसारखी अधिक पाण्याची पिके वर्ज्य झाली. हे नियम ग्रामसभेत चर्चा होऊन ठरले. तेथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात. पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूस काढतात आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवितात.

असा हिशेब कोणत्याही गावात मांडता येईल. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी ४० लक्ष लिटर. उसाला वर्षात सुमारे २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर उसाला निदान पाच हेक्टरांवरील सगळा पाऊस हवा. आणि त्यातलाही बराचसा वाहून व उडून जातो. हा हिशेब ज्याने स्वतः केला, त्याला बंदीचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून ग्रामसेवक व कृषी कर्मचारी बंधूंना आमचे सांगणे असे की, नियमाची चर्चा पेरणीच्या आधी करावी. ती पिके उभी राहिल्यावर करू नये. शंका विचारणाऱ्यास विरोधक समजू नये. नियम मोठ्या बागायतदारास व लहान शेतकऱ्यास सारखाच लावावा. एकास सूट मिळाली की बाकीच्यांना केलेला उपदेश वाया जातो. दंड अवश्य असावा, परंतु तो समजावून झाल्यावरचा उपाय होय. शेतकरी बंधूंनीही नियम ऐकताना त्याचे कारण विचारावे, आणि ते पटल्यावर शेजाऱ्याची वाट न पाहता आपल्या शेतापासून पालनास आरंभ करावा.