जैनथ की जैनद?

‘‘सर, आपलं गाव इंटरनेटवर नाहीच!’’ दहावीतील एका मुलीने गेल्या महिन्यात आमच्यापुढे ही तक्रार मांडली. ‘माझे गाव’ या विषयावर तिला निबंध लिहावयाचा होता. मोबाईलवर मराठीत ‘जैनथ’ लिहिले, तो जैन धर्माविषयीची पाने पुढे आली. आदिलाबादहून जेमतेम २१ किलोमीटरांवरचे, लक्ष्मीनारायणाच्या पुरातन देवळाचे आमचे गाव बेपत्ता!

आम्ही तिच्या शेजारी बसलो. रोमन लिपीत ‘जैनद’ लिहून पुढे शिलालेखाचा इंग्रजी शब्द जोडावयास सांगितले. काही क्षणांत परमार राजपुत्र जगद्देवाचा येथील शिलालेख आणि तो ज्यात छापला गेला त्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या २२ व्या खंडाचा पत्ता समोर आला. पोर थक्क झाली. गाव तेच होते, फक्त एक अक्षर निराळे.

वाचकहो, शोधयंत्रास गाव ठाऊक नसते. प्रथम त्याची गाठ अक्षरांशी पडते. त्याचे यांत्रिक हेर दुव्यामागून दुवा धरीत पाने वाचतात आणि कोणता शब्द कोठे आला याची सूची, ग्रंथाच्या शेवटी असते तशी, आधीच तयार ठेवतात. आपण विचारतो तेव्हा जग धुंडाळले जात नाही, ती सूची उघडली जाते. मग वर कोणते पान यावे? १९९८ साली गूगल स्थापन करणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी युक्ती काढली, की ज्या पानाकडे अनेक वजनदार पाने बोट दाखवितात ते वरचे. आज इतरही कसोट्या लावल्या जातात. पण चौघांची साक्ष पाहूनच उधारी देणाऱ्या सावकाराचा हा न्याय अजून सुटलेला नाही. लहान गावाची साक्ष द्यावयास कोण येणार?

याआधीची रीत आम्हांस अधिक माणुसकीची वाटते. १९९४ साली जेरी यांग व डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोघा विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘याहू’च्या निर्देशिकेत माणसे संकेतस्थळे पाहून विषयवार लावीत. ग्रंथपालाचेच काम ते! जैनथ आणि जैनद एकच, हे जाणत्या माणसाने एका दृष्टिक्षेपात ओळखले असते. परंतु पानांचा पूर हातांना आवरेना. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस मिटली. स्वयंसेवकांनी चालविलेली ‘डीमॉझ’ही २०१७ साली.

मराठीच्या वाट्याला आणखी एक दैना आली होती. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या फाँटात असत. डोळ्यांना देवनागरी दिसे. यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ. तो मजकूर शोधात सापडणार कसा? (तेव्हाचे कितीतरी चांगले लेखन असेच अंधारात राहिले, याची हळहळ वाटते.)

असो. त्या मुलीने आता वर्गातील मुलांना कामास लावले आहे. बसची पाटी, जमिनीचे जुने कागद, तेलुगू फलक, लग्नपत्रिका, जेथे जेथे गावाचे नाव दिसेल तेथून ते जसेच्या तसे उतरवून घ्यावयाचे. निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात ती ही सारी रूपे देणार आहे. तिच्या आजीने उच्चारलेले एक रूप तर आम्हांसही नवे होते.