नाव कमवायचंय?

मोबाइलवर नाव कमावण्यासाठी सध्या जो तो धडपडतो आहे. रोज आपलेच फोटो, आपलेच कौतुक! पण अशाने लोकांच्या मनात घर करता येते का?

वाराणसीच्या पलीकडे, गंगाकाठच्या रामनगरात लालबहादूर शास्त्रींचे वडिलोपार्जित घर आहे. या घरच्या मुलाने जात सांगणारे आडनावच सोडून दिले. पंतप्रधान झाल्यावर १९६४ मध्ये ते गुजरातमधील आणंदजवळच्या अजरपुरा गावात शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले. तिथल्या दूध सहकारी संस्थांचे काम त्यांनी समजून घेतले. असे काम देशभर उभे करा, असे त्यांनी वर्गीज कुरियन यांना सांगितले. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, तेही दिल्लीत नव्हे, आणंदमध्येच. 'दूधक्रांतीचे जनक' म्हणून नाव झाले ते कुरियन यांचे. पण म्हणून शास्त्रींचे मोठेपण कमी झाले का?

आपल्यालाही हे जमेल. शेजारणीच्या पापडांना गिऱ्हाईक मिळवून द्या. होतकरू मुलाची योग्य माणसाशी गाठ घालून द्या. मोबाइलचा असाही उपयोग होतो. मात्र केलेल्या मदतीचा फोटो टाकू नका. नाहीतर ती मदत न राहता जाहिरात होईल!