बैल मेला तर उघडून पाहणार कोण?



अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र बंद पडले की कारागीर येतो, यंत्र उघडतो, काय बिघडले ते पाहतो. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू रानात आमचे यंत्र म्हणजे बैल. तो मेला तर काय होते? पंचनामा होतो, खड्डा खणला जातो. कशाने मेला, ते अंदाजाने लिहिले जाते.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरचा पगार आमच्याच घामातून जातो, असे आम्हीही म्हणत आलो. हिशेब मागायलाच हवा. पण आधी त्याचे काम समजून घ्या.

बुळकांडीने गोठे कसे रिकामे केले, ते म्हाताऱ्यांना विचारा. जनावरांच्या रोगांसाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला, त्याची लस केली. पुढे वॉल्टर प्लाउराइट हे इंग्रज पशुवैद्य १९५० साली केनियात गेले. त्यांनी हा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर नव्वदएक वेळा वाढवला आणि एका टोचणीत जन्मभर पुरणारी लस दिली. भारतात बुळकांडीची शेवटची साथ १९९५ सालची. २०११ साली ती जगातून संपल्याचे जाहीर झाले. प्लाउराइट २०१० साली वारले. एका माणसाची उभी हयात जनावरांच्या विषाणूंत गेली, म्हणून आज आमच्या गोठ्यात बुळकांडी नाही. हे फुकटचे काम आहे काय?

आणि जनावरांचा रोग जनावरांपुरता राहतो, असे समजू नका. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या रानात माकडे मरू लागली, मागोमाग माणसे तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो पसरवणारी गोचीड होती. २०१६ साली तोच ताप सिंधुदुर्गात आला.

आता लंपीचे पाहा. ती माणसाला होत नाही, पण बैल जायबंदी करते. तिचा विषाणू २०१९ साली रांचीत शास्त्रज्ञांच्या हाती आला. स्वदेशी लस तयार झाल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाले. पण त्या साथीत महाराष्ट्रात टोचली ती शेळीच्या देवीची लस. लंपीच्या लसीला परवाना मिळायला २०२५ उजाडले. शास्त्रज्ञाने आपले काम केले, दिरंगाई झाली ती पुढे. बैलामागे २५ हजारांची मदत देऊन सरकार मोकळे झाले. त्या पैशात कामाचा बैल येतो का, ते बाजारात जाऊन विचारा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. संशयास्पद मरणाचे शवविच्छेदन जवळच व्हावे. नाकातोंडातून काळे रक्त आले, फाशीचा संशय असला, तर मात्र शव उघडायचे नसते. तेव्हा रक्ताचा नमुना घेणारा जाणकार हवा. अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडावा. रोगनिदानाची रिकामी पदे भरावीत.

आम्हाला भीक नको. आमचा बैल कशाने मेला, ते कळले पाहिजे.